१०८ ची सरासरी आणि दहावा कॉल

दर पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्या तरी तांड्यावरून एक व्हिडिओ फिरतो. बाजेवर घातलेली बाळंतीण, बाज उचलून चाललेली चार माणसं, गुडघाभर चिखल, मागून कुणाची तरी आरडाओरड. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि तिसऱ्या दिवशी खुलासा: जिल्ह्यात रुग्णवाहिका सरासरी इतक्या मिनिटांत पोहोचते, आणि ही वेळ निकषात बसते. मग वाद पेटतो आणि ठरलेल्या चाकोरीतून जातो. एक बाजू म्हणते, आता प्रत्येक गाडीला जीपीएस आहे, कंट्रोल रूमच्या भिंतीवर पडदा आहे, आकडे बघा आणि मग बोला. दुसरी म्हणते, पडदे कसले लावता, गाड्या आणा, रस्ते करा. आकड्यांनी कधी कुणाचा जीव वाचलाय? दोघांनाही टाळ्या मिळतात. पुढच्या पावसाळ्यात नवा व्हिडिओ येतो.

मला हा वाद दोन्हीकडून कच्चा वाटतो. आकडे दाखवणाऱ्यांनी ते स्वतः नीट वाचलेले नसतात, आणि आकड्यांना शिव्या घालणारे हातातलं सगळ्यात धारदार हत्यार टाकून भांडायला निघतात. माझं म्हणणं सरळ आहे. कॉल आणि गाड्यांचे आकडे दाखवणारा पडदा, म्हणजे डॅशबोर्ड, हवाच, आणि तो अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये लपवून न ठेवता लोकांसमोर हवा. मात्र त्यातलं घड्याळ रुग्णाचं असलं पाहिजे. आज खुलाशात जो आकडा येतो तो गाडीच्या घड्याळावरचा असतो. या दोन घड्याळांत किती अंतर आहे, हे एकदा कळलं की बरेचसे वाद आपोआप मिटतील आणि काही नवे, खरे वाद सुरू होतील.

आधी सरासरीचाच हिशेब मांडू. १०८ ही रुग्णवाहिका सेवा देशात २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ च्या जानेवारीत आली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या (अत्यवस्थ रुग्णासाठी जास्त साधनं असलेल्या) आणि ७०४ बेसिक, गाडीत डॉक्टर, आणि राज्यभरातले कॉल घेणारी कंट्रोल रूम पुण्यात, अशी तिची मूळ रचना. पोहोचण्याचा निकष शहरात २० मिनिटं, ग्रामीण भागात ३०. आता समजा, एका तालुक्यात दहा कॉल आले. नऊ तालुक्याच्या गावाच्या आसपासचे, तिथे गाडी बारा-बारा मिनिटांत पोहोचली. दहावा डोंगरातल्या तांड्याचा, तिथे दोन तास लागले. सरासरी काढा: तेवीस मिनिटंही भरत नाहीत. निकषात! 'वेळेत पोहोचलेले कॉल किती टक्के' असा रकाना केला तर नव्वद टक्के, म्हणजे विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. जाणकार सांगतात की सरासरी सोडा, शंभर कॉल वेळेच्या क्रमाने लावा आणि नव्वदाव्याला किती वेळ लागला ते बघा. ते सरासरीपेक्षा शंभर पटींनी बरं. पण आपल्या उदाहरणात तेही बारा मिनिटंच दाखवेल आणि दहावा कॉल पुन्हा निसटेल.

कारण खरा प्रश्न 'किती' इतकाच 'कुठे' हाही आहे. दहावा कॉल दर महिन्याला वेगळ्या गावाचा असता तर त्याला नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. तो पुन्हा पुन्हा त्याच दोन-चार वाड्यांचा असतो. किनवट-माहूरच्या जंगलात, सोयगाव-कन्नडच्या अजिंठा रांगेत, पाटोदा-आष्टीकडच्या बालाघाटात राहणाऱ्या माणसाला दहातली एक वाईट वेळ येत नाही. त्याच्या दहाही वेळा वाईट असतात. आठ जिल्हे, ७६ तालुके आणि ६४ हजारांवर चौरस किलोमीटर पसरलेल्या या मुलखाची एकच सरासरी काढणं म्हणजे शिऊरच्या पावसाची आणि शिरूर कासारच्या पावसाची बेरीज करून दोनने भागणं. पावसाच्या बाबतीत आपण हे चालवून घेत नाही. कोणत्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पडला आणि कोणत्यात ६४, यावर अतिवृष्टीच्या मदतीसाठी आपण तहसीलसमोर बसतो. मग रुग्णवाहिकेच्या बाबतीत जिल्ह्याची सरासरी ऐकून आपण गप्प का बसतो?

आता घड्याळाकडे येऊ. ते कधी सुरू होतं? गाडीला कॉल दिला तेव्हा, की घाबरलेल्या माणसाने १०८ दाबल्यावर पहिली रिंग वाजली तेव्हा? या दोहोंमध्ये काय घडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. रात्रीची वेळ. पुण्यात फोन उचलला जातो.

"लोकेशन सांगा."

"पिंपळगाव."

"तालुका कोणता, सर?"

तालुका सांगून होतो. तालुक्यातही दोन पिंपळगावं निघतात, मग जवळचं मोठं गाव विचारलं जातं.

"गावात कुठे?"

"गावात न्हाई मॅडम, आखाड्यावर. फाट्यावरून आत या, डीपीच्या पुढं, लिंबापासून डाव्या हाताला. लवकर पाठवा ओ."

परभणी-हिंगोलीकडच्या माणसाला यात काहीच अवघड वाटणार नाही. पुण्यातल्या मॅडमच्या पडद्यावर मात्र आखाडा (शेतातली वस्ती) नसतो, डीपी (विजेचं रोहित्र) नसतो, लिंब (कडुनिंब) तर नसतोच. यात त्या मॅडमची काडीमात्र चूक नाही आणि फोन करणाऱ्याचीही नाही. पण या बोलण्यात गेलेली मिनिटं कोणाच्या खात्यावर पडतात? घड्याळ गाडीला कॉल दिल्यावर सुरू होत असेल तर ती मिनिटं हिशेबातूनच गायब. रुग्णाच्या घड्याळात ती आहेत, आणि छातीत कळ आलेल्या माणसासाठी ती सगळ्यात महाग आहेत. समृद्धी महामार्गावर तर पिंपळगावही नसतं आणि लिंबही नसतो. असतो तो चॅनेजचा, म्हणजे महामार्गाच्या सुरुवातीपासूनच्या अंतराचा, आकडा, जो अपघातात सापडलेल्या माणसाने पाहिलेला नसतो. सीमेवरची आणखी एक गंमत. देगलूर-धर्माबादकडे फोनने नदीपलीकडचा तेलंगणाचा टॉवर पकडला तर १०८ चा कॉल कुठे वाजतो, आणि तो कोणाच्या पडद्यावर मोजला जातो?

घड्याळ थांबतं कधी, हाही प्रश्न तितकाच टोकदार. गाडी दाराशी आली की ते थांबतं. साप चावलेल्या माणसाला गाडी दाराशी आल्याने उतार पडत नाही. प्रतिविष शिरेत गेल्यावर पडतो. गाडी पंचवीस मिनिटांत आली, जवळच्या आरोग्य केंद्रात उपचार होईना, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून 'हायर सेंटर'. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरहून जास्त. गाडीच्या हिशेबात ही यशस्वी फेरी आहे, रुग्णाच्या हिशेबात रात्र गेली. त्यात आपल्याकडे क्रमांकही चार: १०८, गरोदर माता आणि बाळांसाठी १०२, पोलिसांचा ११२, राष्ट्रीय महामार्गाचा १०३३. अपघात पाहणाऱ्याने ११२ लावला आणि तिथून १०८ ला कळवलं गेलं, तर एकाच जखमीची दोन पडद्यांवर दोन घड्याळं सुरू होतात. दोन्ही आपापल्या जागी वेळेत असू शकतात आणि जखमीला तरीही उशीर झालेला असू शकतो.

आणि ज्या कॉलला गाडी गेलीच नाही, त्याचं काय? वेळ मोजली जाते ती पोहोचलेल्या गाडीची. "गाडी बाहेर आहे, थांबावं लागेल" असं ऐकल्यावर घरचे लोक शेजाऱ्याची बोलेरो काढतात किंवा काळीपिवळीवाल्याला उठवतात, आणि नंतर फोन आला तर सांगतात, "नको आता, आम्ही निघालो." हा कॉल कोणत्या रकान्यात पडतो? कॉलरने रद्द केला, या रकान्यात पडत असेल तर तो सरासरी बिघडवत नाही. उलट सगळ्यात लांबलेले कॉल असे आपसूक गळून गेल्यामुळे सरासरी सुधारते. म्हणजे सेवा जितकी अपुरी तितका आकडा गोंडस. माझ्या मते कुठल्याही जिल्ह्याच्या डॅशबोर्डवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत हाच आकडा हवा: मागितली आणि मिळाली नाही अशा गाड्या किती, आणि त्या दिवसाच्या कोणत्या तासाला.

गाडी बाहेर असते म्हणजे कुठे असते? बहुतेकदा रेफरला. उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, सोनोग्राफी उद्या. मग कागदावर शिक्का आणि गाडी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला, लातूरला, अंबाजोगाईला नाहीतर नांदेडच्या विष्णुपुरीला. जाणं, तिथे स्ट्रेचर मिळेपर्यंत ताटकळणं, येणं यात चार तास धरा. दिवसाला असे तीन रेफर झाले की बारा तास गेले. तालुक्याला एक गाडी आहे हे विधान मग अर्ध्या दिवसापुरतंच खरं उरतं. दोन गाड्या दिल्या आणि दोन्ही अशाच अर्धा वेळ बाहेर राहिल्या तर? १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने लाइन एंगेज लागण्याचं गणित मांडलं होतं. इथेही विचार तोच. अर्ध्याचं अर्धं, म्हणजे पाव दिवस, म्हणजे सहा तास तालुक्यात एकही गाडी नाही. हे झालं दोन्ही गाड्यांना एकमेकींशी देणंघेणं नाही असं धरून. प्रत्यक्षात दोघी एकाच वेळी अडकतात, कारण बाजाराचा दिवस, लग्नसराई, पावसाची रात्र सगळ्यांना एकदमच येते.

इथे डॅशबोर्डची खरी गंमत आहे. तो रुग्णवाहिकेचा म्हणून लावायचा आणि तो रुग्णालयाचं दुखणं दाखवायला लागतो. एखाद्या उपजिल्हा रुग्णालयातून महिन्याला सिझेरियनसाठीचे इतके रेफर निघतात, हे दिसलं की लक्षात येतं की तिसरी गाडी घेण्याऐवजी एक भूलतज्ज्ञ दिला तर दोन गाड्या मोकळ्या होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. तेव्हाच्या खुलाशांत एक मुद्दा असा होता की बरेच रुग्ण दूरवरून, अत्यवस्थ होऊन आले होते. असेलही. पण मग कोणत्या गावाहून, किती वाजता निघून, वाटेत कुठे किती वेळ थांबून ते आले, हे मांडून दाखवायला नको होतं का? ते मांडलं असतं तर चर्चा औषधांच्या तुटवड्यावर आणि खासदाराने अधिष्ठात्यांकडून संडास साफ करून घेण्याच्या नाट्यावर अडकून पडली नसती; आसपासच्या तालुक्यांतल्या रुग्णालयांपर्यंत गेली असती.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ. गाड्याच कमी आहेत, त्यांतल्या जुन्या झाल्या आहेत, रस्त्यांची चाळण झाली आहे. पडद्याने एक किलोमीटरही कमी होत नाही. यातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे. कोणी डॅशबोर्डचा खर्च दाखवून गाड्यांची मागणी टोलवत असेल तर त्याला तिथेच धरावं. पण 'आधी गाड्या, मग आकडे' या क्रमात एक भोक आहे. गाड्या आल्या तर त्या उभ्या कुठे करायच्या हे कोण ठरवणार? आकडे नसतील तर आमदारांचं पत्र ठरवेल, आणि पत्र मोठ्या गावाकडेच झुकतं. दहाव्या कॉलच्या तांड्यावर मतं थोडी असतात.

साधनं मुबलक असूनही ती चुकीच्या ठिकाणी जमतात याचा अनुभव या मातीला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, भूकंप झाला. मदत करणारे हात कमी नव्हते. दोन-तीन दिवसांत ट्रकच्या रांगा लागल्या, बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले. पण साऱ्या देशाला ठाऊक झालेलं नाव एकच होतं, किल्लारी. आणि पूर्ण पुनर्वसन करावं लागलेली गावं होती ५२. सास्तूरसारखी गावंही तितकीच भुईसपाट झाली होती. कोणत्या गावात काय पोहोचलं आणि काय नाही, हे एका जागी दिसत नसल्यावर काय होतं हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमातच राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांना आणि जिल्हा नियंत्रण कक्षांना आकार आला, तो उगीच नव्हे. डॅशबोर्ड हे त्याच धड्याचं पुढचं पान आहे.

शिवाय, गाड्यांची संख्या ज्या सूत्राने ठरते ते सूत्रच आपल्याकडे अपुरं पडतं. एक लाख लोकसंख्येमागे एक बेसिक, पाच लाखांमागे एक अ‍ॅडव्हान्स. कोणत्या महिन्यातले एक लाख? दिवाळीनंतर पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीची गावं ऊसतोडीला रिकामी होतात आणि मार्चपर्यंत घरी म्हातारी आणि पोरं राहतात. त्याच दिवसांत कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रिफ्लेक्टरविना उभे असतात आणि मोटारसायकली त्यांना मागून धडकतात. जून ते सप्टेंबर सापाचे दिवस, ऑगस्टपासून फवारणीची विषबाधा. नवरात्रात तुळजापूर, महाशिवरात्रीला परळी आणि औंढा, नाथषष्ठीला पैठण, मार्गशीर्षात माळेगावची यात्रा. हे सगळं गावातल्या कोणालाही विचारलं तर तो सांगेल. पण "सगळ्यांना माहीत आहे" या आधारावर गाडीचा बेस, म्हणजे उभं राहायची जागा, हलवायची ऑर्डर निघत नाही. दोन-तीन वर्षांचे कॉल महिन्यावार, तासवार मांडले की निघू शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कारखान्याच्या रस्त्यावर, जून ते सप्टेंबर डोंगराच्या पायथ्याशी: तीच गाडी, तोच पायलट (चालक), जागा बदलली. यासाठी डिझेलपलीकडे खर्च काय?

"आकड्यांनी कधी कुणाचा जीव वाचलाय?" या प्रश्नाला मराठवाड्यातूनच उत्तर आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला होते. विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती, आणि ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हृदयाचे ठोके तासातासाने लिहून ठेवत होते. त्या नोंदींतून त्यांना कळलं की नेमकं काय बिघडतं, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्यापर्यंत उतरलं. 'द लॅन्सेट'ने ते छापलं. आकडे होते, पण ते रुग्णाजवळ बसून, रुग्णाच्या घड्याळाने घेतलेले होते.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जास्त गंभीर वाटतो: आकडा मागितला की आकडा बनवला जातो. हे मराठवाड्याला काय शिकवायचं? पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, आपण तीन पिढ्या भोगली आहे. नजरअंदाज, सुधारित, अंतिम. आणि ५० पैशांच्या अलीकडे-पलीकडे गावाचं नशीब. शेतात वाळलेलं पीक आणि कागदावर ५३ पैसे, हे किती गावांनी पाहिलं. रुग्णवाहिकेतही हेच होऊ शकतं, आणि झालेलंही आहे. इंग्लंडमध्ये जिवावर बेतलेल्या कॉलपैकी ७५ टक्क्यांना आठ मिनिटांत पोहोचायचं, असा दंडक होता. मग आठ मिनिटांच्या आत पोहोचलेल्या कॉलची अशी गर्दी दिसायला लागली की आलेखाला आठव्या मिनिटावर कडा तुटल्यासारखा आकार आला. काही ठिकाणी वेळा 'दुरुस्त' केल्या जात होत्या. घड्याळ थांबवायला मोटारसायकलवर माणूस पाठवायचा आणि रुग्णाला नेणारी गाडी मागाहून, हाही प्रकार झाला.

पण ही लबाडी पकडली कशी गेली? आकड्यांनीच. एकच टक्केवारी छापली असती तर कोणाला काही कळलं नसतं. सगळ्या कॉलच्या वेळा मांडल्या म्हणून तो कडा दिसला. आणि २०१७ मध्ये तिथे आठ मिनिटांचा दंडकच काढून नवी पद्धत आणली. फोन घेणाऱ्याला नेमकं काय झालंय हे ओळखायला जास्त वेळ दिला, अतिगंभीर कॉलसाठी सरासरी सात मिनिटं आणि दहातले नऊ कॉल पंधरा मिनिटांच्या आत, असे दोन आकडे एकत्र बघायला सुरुवात केली. त्याने तिथल्या रुग्णवाहिकांचे हाल संपले असं नाही. रुग्णालयाबाहेर गाड्यांच्या रांगा तिथेही लागतात. मुद्दा असा की उपाय आकडे बंद करणं हा नव्हता. आपल्याकडेही २०१६ च्या दुष्काळ संहितेने एकट्या पैसेवारीवरचा भार काढून पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा असे अनेक निर्देशांक आणले. त्यावरही भांडणं आहेतच. पण चार निर्देशांकांवरचं भांडण एका बनावट पैशावरच्या भांडणापेक्षा बरं, कारण चारही एकदम वाकवणं अवघड जातं.

पायलट आणि गाडीतल्या डॉक्टरांची भीती याच्याशी जोडलेली आहे, आणि ती रास्त आहे. पडदा लागला की पहिली नोटीस त्यांच्याच नावाने निघणार. खड्ड्यांतून रात्री एकट्याने गाडी मारणाऱ्याला 'उशीर का झाला, खुलासा द्या' असं विचारलं की तो दोनपैकी एक करेल: गाडी धोकादायक वेगाने हाकेल, किंवा फाट्यावरच पोहोचल्याचं बटण दाबेल. म्हणून बटणावर विसंबूच नये. गाडी हलली कधी आणि थांबली कधी हे जीपीएसने आपोआप नोंदवावं. आणि या आकड्यांवरून कोणाचा पगार कापायचा नाही, हे लेखी असावं. आकडे बेस कुठे ठेवायचा, ड्यूटी कशी लावायची, कोणत्या रुग्णालयात गाडी तासभर ताटकळते हे ठरवण्यासाठी आहेत. तसं पाहिलं तर हे आकडे पायलटचेच वकील आहेत. बारा तासांच्या ड्यूटीत त्याने किती तास स्टिअरिंग धरलं आणि किती तास अपघात विभागाच्या दारात स्ट्रेचर मोकळं होण्याची वाट पाहिली, हे आज त्याच्या शब्दाशिवाय सिद्ध करता येत नाही.

राहिला खासगीपणाचा मुद्दा. तीनशे उंबऱ्यांच्या गावावर रात्री दोन वाजता 'विषबाधा' असा ठिपका पडला की सकाळपर्यंत साऱ्या तालुक्याला घर कळतं. ज्या भागात शेतकऱ्याच्या आत्महत्येवर मदतीसाठी पात्र-अपात्रचा शिक्का बसतो, तिथे हा ठिपका घरच्यांना किती महागात पडेल हे सांगायला नको. म्हणून लोकांसाठीचा पडदा गावाचा नको, आरोग्य केंद्राच्या किंवा तालुक्याच्या पातळीवरचा हवा, महिन्याच्या विलंबाने हवा, आणि जिथे दोन-चारच घटना असतील तिथे आकडा झाकलेला हवा. गाववार नकाशा बेस ठरवणाऱ्यांपुरता राहू द्या. पण खासगीपणाचं नाव पुढे करून तालुक्याचे आकडेही दडवायचे, ही चाल चालू देऊ नये. तालुक्याला लाज वाटू शकते. त्याला खासगी आयुष्य नसतं.

यातलं बरंचसं काम साधं आहे. लोकेशन सांगण्यातच मिनिटं जातात हे दिसलं, तर तांडे, वस्त्या, आखाड्यांची यादी आशाताई आणि पोलीस पाटलांनी मोबाइलवरच्या लोकेशनसह पावसाळ्याआधी करून देता येईल. मतदार यादीच्या कामात आपण याहून किचकट नोंदी करतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं की अशी माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न बघता स्वतःहून जाहीर करावी. तेव्हा जिल्हा नियोजन समितीच्या (डीपीडीसी) पुढच्या बैठकीत रुग्णवाहिका खरेदीचा विषय आला की आधी एक कागद मागावा: किनवट, सोयगाव, जिंतूर आणि भूमचे गेल्या पावसाळ्यातले रात्री दहा ते पहाटे सहाचे सगळे कॉल, पहिल्या रिंगपासून रुग्णालयात ताबा दिल्यापर्यंतच्या वेळांसह, रद्द झालेले आणि गाडी न मिळालेले वेगळे दाखवून. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही आणि उद्घाटनाची फीतही लागत नाही. तो कागद टेबलावर येईपर्यंत गाड्या कोणत्या गावाला द्यायच्या यावर कुणी बोलूच नये, असं मला वाटतं.